सुटलं की आत जायचं

ब्रिन मला पहिल्यांदा भेटली ती विद्यापीठाच्या जिममध्ये, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी. मी सत्तर किलोचा बार खांद्यावरून डोक्यावर नेला, दोन सेकंद धरला आणि खाली टाकला. मागे वळले तर एक बारकीशी, केस घट्ट बांधलेली मुलगी पाण्याची बाटली हातात धरून माझ्याकडे बघत उभी होती.

"माणूस उचललायस कधी?" तिने विचारलं. हॅलो नाही, नाव नाही, काही नाही.

"धाकट्या भावाला," मी म्हटलं. "फेकून द्यायला."

ती हसली नाही. "माझं वजन एकशे सहा पौंड आहे," ती म्हणाली.

मी मनात हिशोब केला. अठ्ठेचाळीस किलो. एवढं तर मी वॉर्मअपला उचलते. तिला तसं सांगितलंही. तेव्हा मात्र ती हसली आणि शेजारच्या बाकावर बसून बोलायला लागली.

मी सावनी मगदूम, कुरुंदवाडची. आमच्याकडे पोरंपोरी वजनं उचलतात, त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. पप्पा सूतगिरणीत फिटर आहेत. मी तेरा वर्षांची असताना शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला विष्णू सरांच्या व्यायामशाळेत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "हिच्या मांड्या बघा." तेव्हा मला लाज वाटली होती. नंतरची आठ वर्षं त्याच मांड्यांनी मला आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोनदा रौप्यपदक मिळवून दिलं. राष्ट्रीय शिबिराच्या निवडीत मात्र मी तीन किलोंनी मागे राहिले. मग सांगलीचं इंजिनिअरिंग पूर्ण केलं आणि एम. एस. करायला ॲरिझोनात आले. इथे दिवसभर लॅबमध्ये सिलिकॉनच्या चकत्या तपासायच्या आणि आठवड्यातून तीनदा जिममध्ये जायचं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं, असं मी समजत होते.

ब्रिन विद्यापीठाच्या चीअरलीडिंग टीममध्ये होती. आयपीएलमध्ये चौकार गेला की झिरमिळ्या हलवत नाचतात त्या मुली, एवढीच माझी चीअरलीडिंगची माहिती. ब्रिनने फोनवर व्हिडिओ दाखवला. दोन मुली समोरासमोर उभ्या, त्यांच्या हातांवर तिसरीचे पाय, मागून चौथीचा आधार. चौथीने आकडे मोजले आणि तिसरी डोक्यांच्याही वर जाऊन ताठ उभी राहिली. खालच्या दोघी म्हणजे बेस. वरची फ्लायर. ब्रिन फ्लायर होती.

"माझी बेस मे महिन्यात पास होऊन जातेय," ती म्हणाली. "एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी ट्रायआउट्स आहेत, टीमची निवड. पूर्णवेळ शिकणारं कुणीही येऊ शकतं, मास्टर्सवालेसुद्धा. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी खुला सराव असतो. ये."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्या खालच्या मुली गुडघ्यात किंचित वाकत होत्या आणि पायांच्या जोरावर वजन वर ढकलत होत्या. मी आठ वर्षं हेच केलं होतं. आणि त्या माझ्याइतकं चांगलं करत नव्हत्या.

"येते," मी म्हटलं.

विद्यापीठाजवळच्या चँडलर गावात मी रुचाबरोबर राहायचे. रुचा पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सची. तिच्याकडे जुनी गाडी होती, त्यामुळे घरातले सगळे मोठे निर्णय तिच्या कानावर घालावे लागत.

"तू? पॉमपॉम घेऊन?" ती म्हणाली. "यार, तू फोटोतसुद्धा हसत नाहीस."

"हसायला शिकेन."

"आणि उड्या? त्या मागे कोलांट्या मारतात त्या?"

"त्या पण शिकेन."

रुचा म्हणाली, "ओके. मंगळवारी मी ड्राइव्ह करते. मला हे बघायचंच आहे."

पहिल्या तीन आठवड्यांत मला एकदाही कठीण वाटलं नाही. सराव एका मोठ्या हॉलमध्ये निळ्या गाद्यांवर चालायचा. माझ्यासमोर दुसरी बेस म्हणून केला नावाची उंच मुलगी असे. ब्रिनचा डावा पाय तिच्या हातात, उजवा माझ्या. आकडे पडले की मी गुडघ्यात वाकायचे, ढकलायचे आणि ब्रिन वर. हात सरळ, कोपर लॉक, श्वास रोखलेला. हॅलोवे कोचनी दुसऱ्याच दिवशी मला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, विष्णू सरांनी. त्यांनी ते नाव वहीत लिहून घेतलं, बहुतेक एखादा प्रसिद्ध अमेरिकन कोच असेल असं समजून.

हॅलोवे कोच पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी, आवाज कधी चढवायच्या नाहीत. माझ्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "सावनी, तुझा चेहरा," त्या म्हणायच्या. "तू एखाद्यावर खटला भरणार आहेस असं वाटतं."

वजन उचलताना चेहरा कसा ठेवायचा हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी आरशासमोर हसायचा सराव सुरू केला. रुचा म्हणाली, आता खटला जिंकल्यासारखी दिसतेस.

मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी ते घडलं. ब्रिन वर होती, हात लांबवून, एका पायावर. तिचा तो पाय माझ्या तळव्यांत होता. अचानक तिची टाच वळली. सगळं वजन पुढे, माझ्या बाजूला कललं. पुढचं मी ठरवून केलं नाही. माझे हात उघडले आणि मी मागे उडी मारली.

मागून आधार देणारीचे हात पोचले नाहीत. केलाने एकटीने प्रयत्न केला, पण तिला ती आवरली नाही. ब्रिनची हनुवटी केलाच्या खांद्यावर आपटली आणि ती गादीवर पडली. उठून बसली तेव्हा तिच्या गळ्यावरून रक्त ओघळत होतं. तिने हनुवटीला हात लावला, बोटं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्यापासून चार पावलं लांब उभी होते.

 एक जण पट्टी घेऊन धावली. कोणीतरी ब्रिनला गाडीने दवाखान्यात घेऊन गेलं. चार टाके पडले.

हॅलोवे कोच माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता जायला सांगतील. त्यांनी विचारलं, "तू मागे का गेलीस?"

मी खरं ते सांगितलं. वेटलिफ्टिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. बार कलला, हातातून गेला की सोडून द्यायचा आणि अंग काढून घ्यायचं. विष्णू सर म्हणायचे, बार परत उचलता येतो, मोडलेली मान परत बसवता येत नाही. आठ वर्षांत मी हजारो वेळा बार सोडला असेल. म्हणून तर माझी मान अजून जागेवर आहे.

कोचनी सगळं ऐकून घेतलं. "चांगलं शिकवलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "पण इथे बरोबर उलटं. सुटलं की आत जायचं. तिच्याखाली. तुला लागलं तरी चालेल, तिचं डोकं जमिनीला लागता कामा नये. हे अंगात येत नाही तोवर मी तुझ्या हातात कुणाचा पाय देणार नाही."

"ट्रायआउट्सला चार आठवडे आहेत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

रुचा मला न्यायला आली होती. घराजवळ आल्यावर मीच म्हटलं, "मी तिला टाकलं गं." तोपर्यंत मला रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी विष्णू सरांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात, व्यायामशाळेची वेळ. मागे प्लेट्स आपटल्याचे आवाज येत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. चीअरलीडिंग म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे बार जिवंत हाय."

"हो सर."

"आणि तो पडला की तू पळालीस."

"हो सर."

"ते मीच शिकवलंय तुला. किती दिवस लागले होते, आठवतंय? पहिलं वरीसभर तू बार सोडायचीच नाहीस. धरून बसायचीस, हट्टानं. दोनदा आपटलीस. तुला सोडायला शिकवताना माझा घसा बसला होता." ते थांबले, कुणाला तरी पाठ सरळ ठेव म्हणून ओरडले आणि परत फोनवर आले. "मूळचा स्वभाव तुझा धरायचाच हाय. सवय मी लावली. सवय जशी लागली तशी मोडायची. रोज, मोजून, कंटाळा येईस्तोवर. अंगावर काहीतरी पडू दे आणि तू आत जा. पहिल्यांदा माणूस नको, पोतं घे."

पोतं. अमेरिकेत पोतं कुठून आणायचं हा प्रश्न रुचाने सोडवला. चँडलरला मंजुषा काकूंचं भारतीय किराणा दुकान होतं. काकू मूळच्या नागपूरच्या, वीस वर्षं इथे. रुचाने त्यांना जाऊन सांगितलं की सावनीला अंगावर टाकून घ्यायला काहीतरी जड पाहिजे. काकूंनी कारण ऐकलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या खोलीत गेल्या. सोंडे लागलेल्या बासमतीच्या वीस पौंडी गोण्या पडून होत्या, त्या टाकूनच द्यायच्या होत्या. काकूंनी दोन गोण्या एकत्र शिवून घेतल्या, वरून जुन्या चादरीचं कव्हर घातलं आणि म्हणाल्या, "घे. पण माझ्या दुकानासमोर करू नकोस, गिऱ्हाईक घाबरेल."

आमचं अपार्टमेंट पहिल्या मजल्यावर होतं. खाली गवताचा चौकोन. रुचा जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहायची आणि कठड्यावरून पोतं ढकलायची. कधी सरळ, कधी तिरकं, कधी मी वर बघत नसताना. आवाज ऐकला की मी आत जायचं, दोन्ही हातांनी पोतं छातीशी धरायचं, त्याच्यासकट खाली बसायचं आणि मग ते परत वर नेऊन द्यायचं.

पहिल्या संध्याकाळी पन्नासपैकी एकतीस वेळा मी मागे गेले. पायच मागे जायचे. डोकं सांगत होतं पुढे जा आणि पाय त्याचं ऐकत नव्हते. रुचा वरून आकडे सांगायची, अगदी निर्विकारपणे. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. मग बावीस, मग पुन्हा सव्वीस. माझे हात कोपरापर्यंत निळेजांभळे झाले. लॅबमध्ये प्रोफेसरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, घरी तांदूळ आहे.

नवव्या दिवशी पन्नासपैकी तीन. अकराव्या दिवशी शून्य. बाराव्या दिवशीही शून्य. शेजारचे गुजराती आजोबा खुर्ची टाकून बघायला बसू लागले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या मधल्या दिवसांत मी ब्रिनला दोन मेसेज पाठवले होते. तिने दोन्हींना एका शब्दाचं उत्तर दिलं होतं. बाराव्या दिवशी मी तिसरा पाठवला. काही समजावलं नाही, फक्त पत्ता आणि वेळ दिली. ती येईल असं मला वाटत नव्हतं, पण आली. हनुवटीवर पांढरी पट्टी होती.

"तू पळालीस," ती म्हणाली.

"हो."

"मी वरून बघितलं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि लांब लांब जात होतीस."

"मला माफ कर," मी म्हटलं. "ती सवय होती, पण पाय माझे होते. मी दोष दुसऱ्या कुणावर ढकलत नाही."

"परत पळशील?"

"नाही."

"तुला काय माहीत?"

मी रुचाला खूण केली. रुचाने पोतं ढकललं, मी धरलं. पुन्हा ढकललं, पुन्हा धरलं. ब्रिन आठ-दहा वेळा नुसती बघत राहिली. मग जिना चढून गेली आणि रुचाच्या हातातून पोतं घेतलं. मला वाटलं ती थांबून नेम धरेल. तिने ते मी मान वळवायच्या आत, माझ्या पाठीच्या बाजूला भिरकावलं. मी वळले, दोन पावलं आत गेले आणि ते माझ्या छातीवर आलं. मी जोरात गवतावर बसले. पोतं मांडीवर होतं.

ब्रिन कठड्यावर ओणवून बघत होती. "कोचना मी सांगते," ती म्हणाली. "उद्या साडेपाच."

ट्रायआउट्सच्या आधीच्या रविवारी घरी फोन केला. आईला कपड्यांची काळजी होती. मी टीमच्या गणवेशाचा फोटो पाठवला होता.

"एवढुसा स्कर्ट," आई म्हणाली.

"अगं, आठ वर्षं ती लिफ्टिंगची तोकडी कॉस्च्यूम घालून हजार लोकांसमोर वजन उचलत होती," पप्पा मागून म्हणाले. "त्यापेक्षा ह्यात कापड जास्त हाय."

आईला ते पटलं असावं, कारण तिने विषय बदलला. "आणि तू खाली उभी राहणार?"

"हो."

"म्हणजे सगळे वरचीला बघणार. तू कुणाला दिसणार नाहीस."

"आई, मी नसले तर ती कुणाला दिसणार नाही."

पप्पा हसायला लागले. आई म्हणाली, "जेवत जा वेळेवर."

शनिवारी सकाळी आठ वाजता हॉलमध्ये बेचाळीस जण होते, त्यात सात मुलगे. जागा वीस. जुन्या खेळाडूंनाही दरवर्षी नव्याने उतरावं लागतं, त्यामुळे ब्रिनच्या छातीवरही नंबर होता. माझा एकोणतीस. समोर लांब टेबलामागे हॅलोवे कोच आणि बाहेरून आलेले तीन परीक्षक.

पहिली फेरी उड्यांची. उभ्या जागेवरून मागे उडी, हात टेकून परत पायांवर. बॅक हँडस्प्रिंग म्हणतात तिला. ती मला येत नव्हती. चार आठवडे आधी पोतं आणि मग माणसं धरण्यात गेले होते. माझा नंबर पुकारला तेव्हा मी गादीवर गेले, परीक्षकांकडे बघितलं आणि म्हटलं, "मला ही अजून येत नाही. मी कार्टव्हील करते."

एक परीक्षक वर बघून म्हणाला, "ठीक आहे."

मी बाजूला हात टेकून चाक फिरावं तशी सरळ, पाय ताणून कार्टव्हील केली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही स्वच्छ झाल्या. लाज वाटली नाही. जे येत नाही ते येत नाही, जे येतं ते नीट करायचं. माझ्यानंतरच्या मुलीने सलग तीन हँडस्प्रिंग मारल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसरी फेरी नाचाची. विद्यापीठाच्या गाण्यावर हातांच्या हालचाली. मी अर्धा ठेका मागे होते, पण हसत होते. रुचाने वर प्रेक्षकांच्या बाकांवरून अंगठा दाखवला.

तिसरी फेरी आमची. मी ब्रिनकडे चालू लागले तेवढ्यात हॅलोवे कोच म्हणाल्या, "जोड्या मी ठरवणार. रोजच्या जोडीबरोबर सगळेच चांगले दिसतात."

माझ्या वाट्याला टेसा आली. अठरा वर्षांची, हायस्कूलचं शेवटचं वर्ष, येत्या ऑगस्टमध्ये विद्यापीठात येणार होती. दुसरी बेस एक अनोळखी मुलगी, मागे आधाराला केला. टेसाचे ओठ पांढरे पडले होते. तिने माझ्या हातांवरचे निळे डाग बघितले.

"हे काय झालं?"

"सराव," मी म्हटलं. "तुझा कुठला पाय पक्का आहे?"

"उजवा."

"मग तो मला दे."

केलाने आकडे मोजले. टेसा हलकी होती, पण ताठ नव्हती, वर जाताना भीतीने कमरेत वाकत होती. खांद्यापर्यंत गेली, थांबली. मी खालून म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. समोरच्या घड्याळाकडे बघ." ती सरळ झाली. आम्ही ढकललं. ती वर गेली, हात उघडले. मला वाटलं, झालं.

मग दुसऱ्या बेसचा हात कोपरात दुमडला. टेसाचा डावा पाय खाली गेला, तोल सावरायला तिने अंग माझ्या बाजूला टाकलं आणि ती आडवी, माझ्या डोक्यावरून मागच्या बाजूला यायला लागली. मला आकडे ऐकू आले नाहीत, कोणी ओरडलं का तेही माहीत नाही. मी वळले होते आणि तिच्याखाली होते. तिची पाठ माझ्या हातांवर आली, तिचं कोपर माझ्या ओठावर बसलं आणि आम्ही दोघी गादीवर कोसळलो. मी खाली, ती वर. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

दोन सेकंद ती हललीच नाही. मग म्हणाली, "मला काहीच लागलं नाही." तिला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

माझ्या तोंडात रक्ताची चव होती. मी जिभेने दात मोजले, सगळे होते. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. पाय आत गेले होते, मी न सांगता.

हॅलोवे कोच टेबलामागून उठल्या होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि परत बसल्या. "नियमाप्रमाणे एक प्रयत्न आणखी आहे," त्या म्हणाल्या. "घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

ठरवणं टेसाच्या हातात होतं. पडणारी ती होती. मी तिला विचारलं, "जायचं परत वर?"

ती म्हणाली, "पुन्हा पडले तर?"

"तर मी पुन्हा खाली असेन. मला दुसरं काही येत नाही, हँडस्प्रिंग तू बघितलीसच."

ती हसली, आणि हसताना तिचे खांदे खाली आले. दुसऱ्या बेसला मी एवढंच म्हटलं, "कोपर लॉक कर आणि पायांनी ढकल, हातांनी नको." तिने मान हलवली.

या वेळी टेसा एका झटक्यात वर गेली. तिचं सगळं वजन माझ्या तळव्यांत सरळ उतरत होतं. वजन नेमकं बसलं की ते जाणवेनासं होतं, हे आठ वर्षांत मोजक्याच वेळा अनुभवलं होतं मी. केलाने आठपर्यंत मोजलं, आम्ही तिला धरून ठेवलं, मग अलगद खाली घेतलं. परीक्षकांपैकी एक बाई मला म्हणाल्या, "एकोणतीस, तुझ्या ओठातून रक्त येतंय आणि तू हसतेयस." मला ते ठाऊक नव्हतं.

यादी रविवारी दुपारी लागली, नंबरांची. रुचाने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि बोट खाली सरकवत नेलं. चौदा, सतरा, बावीस, पंचवीस. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एकोणतीस होता. टेसाचा होता, ब्रिनचाही होता. टेसाला उचलणाऱ्या त्या दुसऱ्या मुलीचा नव्हता. मला तिचं वाईट वाटलं. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

यादीबरोबर हॅलोवे कोचचा मला वेगळा मेल होता. चार ओळींचा. शेवटची ओळ अशी: ऑगस्टपर्यंत बॅक हँडस्प्रिंग यायला हवी, नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर उभी करणार नाही.

"अट आहे," रुचा म्हणाली.

"चार महिने आहेत," मी म्हटलं.

उन्हाळाभर टेसाने मला शिकवलं. ती आठवड्यातून दोनदा आईची गाडी घेऊन यायची. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आम्ही हॉलमधल्या गादीवर. इथे मला पुन्हा मागे जायला शिकायचं होतं, आणि तेही न बघता, यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो. टेसा कंबरेखाली हात धरायची. मी तिच्यापेक्षा सोळा किलोंनी जड, पण तिने एकदाही हात काढला नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती बाजूला झाली आणि म्हणाली, "आता एकटीने." मी मागे उडी घेतली, छत दिसलं, गादी दिसली, आणि पायांवर उभी राहिले, जरा वाकडी.

"झाली का?" मी विचारलं.

"झाली. आता हीच शंभरदा," टेसा म्हणाली, अगदी विष्णू सरांच्या सुरात.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता. स्टेडियम काठोकाठ भरलेलं, बँडचा आवाज छातीत धडकणारा. रुचा आणि मंजुषा काकू विद्यापीठाच्या रंगाचे टी-शर्ट घालून कुठेतरी वरच्या रांगेत बसल्या होत्या. आम्ही मैदानाच्या कडेला रांगेत उभे राहिलो. ब्रिन शेजारच्या गटात होती, माझ्या गटात टेसा. केलाने मोजायला सुरुवात केली. टेसाने बूट घातलेला पाय माझ्या हातात दिला.

त्या संध्याकाळी आम्ही तिला अकरा वेळा वर नेलं आणि अकराही वेळा नीट खाली आणलं. बेसने नजर फ्लायरवरून काढायची नसते, त्यामुळे मला दिसलं ते टेसाच्या बुटांचे तळवे, तिची हनुवटी आणि तिच्यामागचं ॲरिझोनाचं केशरी होत गेलेलं आकाश. पाठीमागे लोक मध्येच उसळायचे, मध्येच गप्प व्हायचे. सामना कोण जिंकलं ते मला गाडीत बसल्यावर रुचाला विचारावं लागलं.